सुधारककार गोपाळ गणेश आगरकर

१८५७ च्या मे महिन्याच्या अखेरीस हिंडन नदीच्या काठी इंग्रजी फौज आणि दिल्लीहून चालून आलेले स्वातंत्र्यसैनिक यांची गाठ पडली. गाझियाबादच्या मुलांना तो इतिहास शाळेच्या वाटेवरच भेटतो. तोफांचा तो आवाज हिंडनकाठी घुमत असताना येथून शेकडो कोस दूर, सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभू या कृष्णाकाठच्या खेड्यात एक मूल दहा महिन्यांचे होते. १४ जुलै १८५६ हा त्याचा जन्मदिवस. घर ब्राह्मणाचे, परंतु दारिद्र्य अठराविश्वे. पुढे या मुलानेही एक लढाई आरंभिली. तिचे रणांगण मराठी वाक्य हे होते, आणि प्रतिपक्षात बहुतेक सारे आप्तस्वकीयच उभे होते.

गोपाळ गणेश आगरकर यांचे शालेय जीवन म्हणजे शिक्षणाच्या मागे केलेली पायपीट होय. आजोळी कऱ्हाडला प्राथमिक शिक्षण झाले आणि पुढे शिकण्यास पैसा नाही म्हणून कोवळ्या वयात मुन्सफाच्या कचेरीत उमेदवारी करण्याची पाळी आली. तेथे मन रमेना. शिक्षणाच्या आशेने ते रत्नागिरीस गेले. तेथेही निभाव लागला नाही. परत येऊन काही काळ दवाखान्यात औषधे तयार करण्याचे काम केले. शेवटी नातलगांच्या आश्रयाने वऱ्हाडात अकोल्याला त्यांची शाळा पुरी झाली. अकोल्याचे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले, हे त्यांचे भाग्य आणि मराठी वाङ्मयाचेही. गुणी परंतु परिस्थितीने गांजलेला विद्यार्थी ओळखणे व त्यास वेळेवर हात देणे, एवढ्या एका गोष्टीने शिक्षक इतिहासात किती मोठी भर घालू शकतो, ते येथे दिसते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालावयाचा, अशा स्थितीत त्यांनी दिवस काढले, असे सांगतात. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे गुरू. याच महाविद्यालयात बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. दोघांच्या जन्मतारखांत अवघ्या नऊ दिवसांचे अंतर. एम.ए.च्या परीक्षेच्या सुमारास आगरकरांनी आईला पत्र लिहून स्पष्ट कळविले, की मुलगा मोठा पदवीधर होत असला तरी मोठ्या पगाराचे सुख तिने मनात धरू नये; पोटापुरते मिळवून उरलेले आयुष्य तो लोकांसाठी वेचणार आहे. ज्या माऊलीने पै-पैशाची ओढाताण सोसली होती, तिला हे वाचताना काय वाटले असेल, याची चरित्रकारांनी फारशी दखल घेतलेली नाही. ती घ्यावयास हवी होती.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढल्या वर्षी आगरकर त्यात शिक्षक म्हणून दाखल झाले. त्याच १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ निघाला आणि त्याच्या संपादनाची धुरा आगरकरांकडे आली. सकाळी वर्ग, रात्री अग्रलेख. लगेच दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याबद्दल तेथील दिवाण बर्वे यांच्यावर केलेल्या लिखाणातून अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती ती बनावट ठरली, आणि टिळक-आगरकरांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात जावे लागले. या खटल्यात जामिनाची मोठी रक्कम उभी करण्याचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुले यांच्या शब्दावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे झाले. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने ज्या जोतीरावांच्या भाषेची टर उडविली होती, त्यांनीच चिपळूणकरांच्या सोबत्यांसाठी हे करावे, हा प्रसंग मराठी समाजाने अधिक आठवणीत ठेवण्यासारखा आहे.

तुरुंगातील एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. त्याच कोठडीत त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतरही केले, ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यावर हरि नारायण आपटे या विशीही न गाठलेल्या तरुणाने दोष दाखविणारे प्रदीर्घ परीक्षण लिहिले. हेच हरिभाऊ पुढे मराठी कादंबरीचे जनक म्हणून मान्यता पावले आणि केशवपन झालेल्या यमूची कहाणी त्यांनी घरोघर पोहोचविली. आगरकर निबंधांतून जे पटवू पाहत होते, ते हरिभाऊंनी कथेतून पटविले. कोणाचा परिणाम अधिक झाला, हे ठरविणे अवघड आहे. स्त्रियांपुरते पाहिले तर बहुधा यमूचाच.

‘केसरी’त मतभेद वाढत गेले. बालविवाह, संमतिवय, विधवांचे वपन या प्रश्नांवर आगरकरांचे लिखाण सहकाऱ्यांना जाचू लागले. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, असे टिळकपक्षाचे म्हणणे. आगरकरांचे म्हणणे असे, की अन्यायाने पिचलेल्या बालिकेला तो कायदा कोणाच्या हातून आला याची चौकशी करीत बसण्याइतकी उसंत नाही. १८८७ च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि बरोबर एका वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, स्वतःचे ‘सुधारक’ काढले. मराठी बाजू त्यांची; इंग्रजी बाजूस बाविशीतले गोपाळ कृष्ण गोखले.

याच १८८८ साली आगरकरांचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा उल्लेख बहुधा यादीपुरता होतो. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे ते व्याकरणविषयक पुस्तक. समाजसुधारकाने कर्ता, कर्म आणि गौण वाक्य यांचा काथ्याकूट करीत बसावे, हे वरवर विचित्र वाटते. पण ‘सुधारका’तील कोणताही निबंध उघडावा आणि त्यातील एखादे दहा-बारा ओळींचे वाक्य वर्गात फळ्यावर लिहून त्याचे पृथक्करण करावे, म्हणजे उलगडा होतो. प्रत्येक गौण वाक्य प्रतिपक्षाचा एकेक आक्षेप उचलून धरते, त्याला पुरते बोलू देते, आणि मुख्य क्रियापद शेवटी येऊन निकाल देते. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणारी आपली भाषा अशा युक्तिवादाला किती अनुकूल आहे, ते आगरकरांइतके अचूक फार थोड्यांनी हेरले. शिवाय ते दोष दाखविताना बहुधा ‘आम्ही’ म्हणतात, क्वचितच ‘तुम्ही’. वाचक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो खरा, पण लेखकही त्याच्या शेजारीच उभा असतो.

हे शस्त्र त्यांनी चिपळूणकरांच्या शस्त्रागारातून घेतले होते. उपरोध, अतिशयोक्ती, संस्कृतप्रचुर दीर्घ वाक्य आणि त्यालाच लागून येणारा घरगुती शब्द, ही सारी ‘निबंधमाले’ची मिळकत. विष्णुशास्त्र्यांनी ती स्वाभिमान जागविण्यासाठी व सुधारकांची रेवडी उडविण्यासाठी वापरली. त्यांच्या धाकट्या सहकाऱ्याने तीच रूढीवर रोखली. मतांचा वारसा नाकारून भाषेचा वारसा स्वीकारण्याचे इतके ठळक उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

त्या काळचे अनेक सुधारक शास्त्रवचनांचा आधार शोधीत. अमुक ग्रंथात पुनर्विवाहाला अनुज्ञा आहे, तमुक स्मृतीत वयाची सवलत आहे, अशी त्यांची मांडणी असे. रानडे आणि भांडारकर यांची विद्वत्ता या कामी खर्ची पडली, आणि धर्मभीरू समाजाला पुढे नेण्याची ती एक समंजस वाट होती, हे मान्य केलेच पाहिजे. आगरकरांनी ती वाट सोडली. शास्त्रात आधार सापडला नाही तर अन्याय चालू ठेवावयाचा काय, हा त्यांचा सवाल होता. म्हणून रूढी कशी निर्माण झाली, कोणत्या गरजेतून वा भीतीतून झाली, पूर्वी ती किती वेळा बदलली, हेच ते दाखवू लागले. माणसाने घडविलेली गोष्ट माणसाला मोडता येते, हे एकदा वाचकाच्या ध्यानी आले की अर्धे काम झाले. स्त्रियांनी जाकिटे घालावीत, असा त्यांचा एक निबंध आहे. आज विषय क्षुल्लक वाटेल. पण पेहरावाची सोय आणि आरोग्य यांचा विचार करावयास लागलेला गृहस्थ फार काळ पेहरावापाशी थांबत नाही, हे ते जाणून होते. मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकाच वर्गात द्यावे, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडले. आपल्या शाळेच्या वर्गांत जे दृश्य रोज दिसते, ते त्या काळच्या पुण्यात लिहून दाखविणेसुद्धा धाडसाचे होते.

या लेखणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘सुधारक’ वाचणारा वर्ग लहान, शिकलेला, बहुतांशी पांढरपेशा. जातिभेदावर आगरकरांनी कठोरपणे लिहिले, तरी त्यांचे वाक्य शेतकऱ्याच्या ओसरीवर पोहोचणारे नव्हते. तेथे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांची रोखठोक बोली पोहोचत होती. एका भाषेच्या या दोन वाटा परस्परांना भेटल्या असत्या तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहाची बारा झाली. केवढे ते भांडण आणि किती थोडे त्याचे फळ! पुण्यातील कर्मठांनी आगरकरांवरचा राग विलक्षण रीतीने काढला. ते हयात असताना त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा निघाली, तीही त्यांच्या घरावरून. आपल्या प्रेतसंस्कारांतील कर्मकांडाची खिल्ली उडविणारा निबंध ज्याने लिहिला, त्याला हे उत्तर! घरात पत्नी यशोदाबाई होत्या. त्यांची व्रतवैकल्ये चालू होती आणि नास्तिक म्हणून गाजलेल्या पतीने त्यांवर कधी सक्ती केली नाही. जगाला पटविण्यासाठी ज्याने रक्त आटविले, त्याने घरात मात्र पटण्याची वाट पाहिली.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढल्याच वर्षी तेथील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. आगरकरांच्या लिखाणाने तयार केलेल्या हवेत ते पाऊल पडले. प्राचार्यांचा दमा मात्र बळावत चालला होता. अध्यापन, महाविद्यालयाचा कारभार आणि दर आठवड्याचा अंक, यांपैकी एकही ओझे त्यांनी खाली ठेवले नाही. टिळकांशी १८९० पूर्वीपासून आलेला दुरावा कायम होता. अखेरच्या आजारात मात्र टिळक भेटून गेले.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यास महिनाभर अवकाश होता. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि एरवी धडाधड मजकूर सांगणाऱ्या त्यांना त्या दिवशी शब्द सुचण्यास फार वेळ लागला, असे म्हणतात. घरात पुरचुंडीत बांधलेले थोडे रुपये सापडले. आपल्या दहनाचा खर्च कोणावर पडू नये म्हणून प्राचार्यांनी ते स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवले होते.