कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळवून देणारे ना. म. जोशी
भारतीय कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. शिक्षकी पेशा सोडून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकचे ते एक संस्थापक होते.

संप घडविणाऱ्या पुढाऱ्यांवर त्या काळी मालक नुकसानभरपाईचा दावा लावू शकत. ब्रिटनमधील संघटनांना यापासून १९०६ मध्येच संरक्षण मिळाले होते. भारतात मात्र नव्हते. मद्रासमधील अशाच दाव्यानंतर १९२१ मध्ये जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला. त्यातून १९२६ चा कामगार संघटना कायदा साकारला.

१९२९ मध्ये नागपूर अधिवेशनात जहाल गटाशी मतभेद झाल्याने त्यांनी आयटक सोडली, पण सनदशीर मार्ग सोडला नाही. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.