सांकवाळच्या युरियामागचा रसायनज्ञ : कार्ल बॉश

मुरगाव तालुक्यातील सांकवाळच्या पठारावर १९७३ साली युरियाचे उत्पादन सुरू झाले. वसाहतीचे अधिकृत नाव झुआरीनगर. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘बिर्ला’च. प्रारंभी येथे नॅफ्थ्यापासून हायड्रोजन मिळवून अमोनिया तयार केला जाई. गेल्या दशकात नॅफ्थ्याची जागा नैसर्गिक वायूने घेतली. कच्चा माल बदलला. परंतु हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली लोखंडी उत्प्रेरकावरून नेण्याची मूळ रीत तशीच राहिली. ही रीत प्रयोगशाळेत साधली फ्रिट्झ हाबर यांनी. हाबर यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकांत येते. ती कारखान्यात उतरवणारे कार्ल बॉश मात्र बहुधा जोडनावातच उरतात.

बॉश यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७४ रोजी जर्मनीतील कोलोन शहरात झाला. वडिलांचा गॅस आणि नळजोडणीच्या साहित्याचा व्यवसाय होता. त्यामुळे पाना, कानस आणि लेथ यांच्याशी मुलाची ओळख लहानपणीच झाली. महाविद्यालयात जाण्यापूर्वी त्यांनी धातुकारखान्यात उमेदवारी केली, पुढे बर्लिनला धातुशास्त्र व यंत्रविद्या शिकली आणि लाइपझिगला रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. रसायनशास्त्रज्ञाला लोखंडाची जात हाताने ओळखता यावी, हा योग त्या काळीही दुर्मीळ होता. १८९९ मध्ये ते लुडविगशाफेन येथील बीएएसएफ या रंगनिर्मिती कंपनीत रुजू झाले.

वर्षभरातच त्यांची परीक्षा झाली. विल्हेल्म ऑस्टवाल्ड या विख्यात शास्त्रज्ञाने लोखंडाच्या साह्याने अमोनिया बनवल्याचा दावा कंपनीपुढे मांडला होता. तो पडताळण्याचे काम पंचविशीतल्या बॉश यांच्याकडे आले. त्यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि दाखवून दिले की तो अमोनिया हवेतील नायट्रोजनचा नव्हे, लोखंडात आधीच असलेल्या नायट्राइडचा होता. ऑस्टवाल्ड रागावले, पुढे त्यांना दावा मागे घ्यावा लागला.

त्या काळी नायट्रोजनयुक्त खतासाठी युरोप चिलीच्या वाळवंटातील सोऱ्यावर अवलंबून होता. हवेतला नायट्रोजन बांधण्याच्या तीन वाटा समोर होत्या. पहिली विजेच्या ठिणगीची. ती धबधब्यांच्या नॉर्वेला परवडत असे, कारण तेथे वीज स्वस्त होती. बीएएसएफनेही तेथील उद्योगात भाग घेतला होता. दुसरी वाट कॅल्शियम सायनामाइडची. तिलाही उष्णता आणि वीज भरपूर लागे. बॉश यांनी स्वतः धातूंच्या सायनाइड व नायट्राइड संयुगांवर काही वर्षे खर्च केली होती. तिसरी वाट हाबर यांची : ऊर्जा सर्वांत कमी, पण दाब दोनशे वातावरणांच्या घरात आणि तापमान पाचशे अंशांहून अधिक. असे यंत्र जगात कोठेच चालत नव्हते. १९०९ मध्ये कंपनीचे धुरीण या आकड्यांनी बिचकले, तेव्हा पोलाद उद्योग जाणणाऱ्या बॉश यांनी जोखीम घ्यावी असा कौल दिला. जर्मनीकडे धबधबे नव्हते, कोळसा होता. हे गणित त्यांनी नेमके ओळखले होते.

कौल देणे सोपे होते, निभावणे कठीण. हाबर यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम, आणि सगळ्या जगातला साठा एकत्र केला तरी एका मोठ्या उद्योगाला पुरेना. बॉश यांनी सहकारी आल्विन मिटाश यांना स्वस्त पर्याय शोधायला लावले. हजारो चाचण्यांनंतर स्वीडनमधील एका खनिज लोखंडाने उत्तर सुचवले. लोखंडात अॅल्युमिना आणि पोटॅशची अल्पशी भर घातली की काम भागत होते. ऑस्मियमपेक्षा ते किंचित उणे असेल. पण ते हवे तेवढे मिळत होते.

खरी कसोटी पुढेच होती. प्रायोगिक पोलादी नळ्या सुमारे ऐंशी तासांनी फुटत. बॉश यांनी फुटलेली नळी कापून धातू तपासला. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन ओढून नेत होता. कार्बन गेला की पोलाद ठिसूळ होई. अधिक मजबूत पोलाद शोधत बसण्याऐवजी त्यांनी प्रश्नच उलटा केला. आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर, बाहेर दाब पेलणारे पोलादी कवच, आणि त्या कवचाला बारीक छिद्रे. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन छिद्रांवाटे निसटून जाई आणि पोलादाला धक्का लागत नसे. धातुकारखान्यातील उमेदवारी येथे कामी आली, असे म्हणावेसे वाटते.

उरला हायड्रोजनचा प्रश्न. तो कोक आणि वाफेपासून मिळवण्याची आणि त्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइड काढून टाकण्याची पद्धतही याच चमूने बसवली. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, सागरी नाकेबंदीने चिलीचा सोरा तुटला, आणि खतासाठी उभारलेली यंत्रणा स्फोटकांसाठी राबू लागली. १९१७ मध्ये लॉइना येथे आणखी मोठा कारखाना झाला.

२१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी ओपाऊत अमोनियम सल्फेट-नायट्रेटच्या घट्ट बसलेल्या ढिगाऱ्याचा स्फोट झाला. तो ढीग फोडण्यासाठी सुरुंग लावण्याची प्रथा हजारो वेळा निर्विघ्न पार पडली होती. पाचशेहून अधिक माणसे मेली. कंपनीची सूत्रे हाती असलेल्या बॉश यांनी मृतांना श्रद्धांजली वाहिली आणि नंतर ते कित्येक महिने खचून पडले. रासायनिक कारखान्याची निवड करताना त्याच्या कुंपणाबाहेरील माणसांचाही हिशेब धरावा लागतो, हे मुरगाववासीयांना निराळ्या रीतीने कळले : सत्तरच्या दशकात वेळसांवच्या किनाऱ्यावर मासे मरू लागले आणि कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले.

१९२५ मध्ये आयजी फार्बेन या महाकाय कंपनीचे नेतृत्व बॉश यांच्याकडे आले. १९३१ मध्ये फ्रीडरिख बेर्गियुस यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उच्च दाबाचे तेच शास्त्र लॉइनात कोळशापासून पेट्रोल करण्यासाठी वापरले गेले. या खेपेस हिशेब चुकला. जगात खनिज तेल स्वस्त झाले, कोळशाचे पेट्रोल महाग पडले आणि ते तगवण्यासाठी कंपनीने नाझी सरकारचा आधार घेतला. तांत्रिक निवडीत एवढा चोख असलेला माणूस येथे अडकला. १९३३ मध्ये त्यांनी हिटलरला ज्यू शास्त्रज्ञांच्या हकालपट्टीचे परिणाम समजावण्याचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतले नाही. वनवासात मेलेल्या हाबर यांच्या १९३५ मधील स्मृतिसभेला सरकारी कर्मचाऱ्यांना बंदी होती. बॉश सहकाऱ्यांसह तेथे हजर राहिले.

अखेरची वर्षे निराशेत आणि मद्यात गेली. हायडेलबर्गच्या प्राणिसंग्रहालयाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. घरी दुर्बीण, खनिजे आणि कीटकांचा विशाल संग्रह होता. २६ एप्रिल १९४० रोजी हायडेलबर्ग येथेच त्यांचे निधन झाले.