डांबर पुसणारे रसायनज्ञ

मुंबईच्या एस्प्लनेडवरील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले आणि सरकार हादरले. हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, १८७२ मध्ये उभारलेला. डांबर दगडाच्या रंध्रांत मुरले होते. खरवडावे तर संगमरवर जाणार, न खरवडावे तर डाग राहणार. जाणकारांनी हात टेकले. अखेर १८९८ मध्ये विल्सन महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी तो काळिमा उतरवला. चापेकरांच्या धाडसापुढे ही कामगिरी आज कोणाला फारशी भावणार नाही. परंतु मूळ पदार्थाला धक्का न लावता केवळ त्याचा पृष्ठभाग पालटणे, हीच तर गज्जरांची विद्या होती.

गज्जर यांचा जन्म १८६३ चा, सुरतेचा. घराणे पिढीजात सुतारकाम करणारे. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते बडोद्यास रसायनशास्त्र शिकवू लागले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन उभे राहिले, त्यामागे गज्जरांचीच कल्पना व खटपट होती. दादासाहेब फाळके याच संस्थेत काही काळ शिकले.

कलाभवनात गज्जरांचा जीव रंगाईत होता. जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून बनणारे कृत्रिम रंग तेव्हा बाजारात लोटत होते. आलच्या मुळीचा लाल रंग मागे पडला होता, निळीवरही संकट घोंघावत होते. रंगारी हे नवे रंग स्वस्त म्हणून घेत. परंतु हिरडा वा तुरटी यांच्या साहाय्याने ते सुतावर कसे पक्के बसवावेत हे ठाऊक नसल्याने पहिल्याच धुण्यात कापड फिके पडे. गज्जरांनी ही रीत शास्त्रशुद्धपणे शिकवली. त्यात एक विपर्यासही होता. रंगारी तरला, पण जर्मन रंगांची पेठ वाढली. रंग येथेच तयार व्हावा, ही पुढची पायरी त्यांच्या हयातीत गाठली गेली नाही. १९१४ च्या महायुद्धात जर्मन माल थांबला तेव्हा या उणिवेची किंमत गिरण्यांनी मोजली.

बडोदा सोडून ते १८९६ मध्ये मुंबईस आले. गिरगावात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली, पिवळे पडलेले मोती उजळण्याची कृती शोधली. १९०७ मध्ये बडोद्यात निघालेल्या अलेंबिक कारखान्याच्या उभारणीत भाईलाल अमीन व कोटीभास्कर या शिष्यांसह त्यांचा वाटा होता. १९२० मध्ये ते निवर्तले.

पॉलिएस्टर त्यांनी पाहिले नाही. ते १९४१ मध्ये इंग्लंडात जन्मले. हा धागा गुळगुळीत आणि पाण्याला दूर ठेवणारा असल्याने साधे पाण्यातील रंग त्यावर टिकत नाहीत. त्यावरचा एक उपाय म्हणजे लेसर. अतिनील लेसरच्या क्षणिक झोतांनी धाग्याच्या पृष्ठावर सूक्ष्म वळ्या उमटतात, गाभा मात्र जवळजवळ शाबूत राहतो. खडबडीत झालेल्या त्या पृष्ठावर लेप व रंग अधिक चांगले धरतात. कापडावर छटा व नक्षी उमटवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. तो १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत साकारणारे कुमार पटेल मूळचे इकडचेच. साताऱ्यातील खंडाळ्याहून नीरा ओलांडून पूर्वेला गेल्यावर लागणाऱ्या बारामतीत १९३८ मध्ये ते जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. हिरडा-तुरटीचे काम आता प्रकाशही करू लागला आहे.

राणीचा तो पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.