खडकांत रमलेला धर्मोपदेशक

हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव नागपूरकरांच्या नित्य परिचयाचे आहे. मात्र ज्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये ही संस्था उभी राहिली, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी विदर्भाच्या भूगर्भाचे प्राचीन ग्रंथालय जगापुढे उलगडले, याची जाणीव फार थोड्यांना असते.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात दाखल झाले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. शाळा चालविणे व धर्मप्रचार हे त्यांचे नेमून दिलेले काम. भूगर्भशास्त्र हा केवळ छंद. त्यासाठी ना वेतन होते, ना प्रयोगशाळा. गावोगावच्या दौऱ्यांत दगड निरखावा, फोडावा आणि त्यात काही आढळले तर जपून ठेवावे, असा त्यांचा क्रम असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांचीही त्यांना साथ लाभली.

नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शंख-शिंपले सापडले. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात तेथे तळी होती आणि जीवसृष्टी नांदत होती, याचा हा पुरावा होता. कामठी आणि सिल्लेवाडा येथील वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा नदीच्या खोऱ्यातील मांगली येथून एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी हाती आली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. युरोपातील हौशी संग्राहक त्या काळी ट्रायलोबाइटच्या शोधात असत. परंतु ते समुद्रजीव मांगलीचे खडक तयार होण्यापूर्वीच नामशेष झाले होते. चांदा मुलुखाचे वैभव निराळे होते. ते नदी-तळ्यांच्या गाळात दडलेले होते.

जीवाश्म सापडणे हा कामाचा आरंभच. त्याची ओळख पटविण्यासाठी तुलनेचे नमुने हवेत आणि ते नागपुरात नव्हते. शंख-शिंपल्यांचे वर्णन हिस्लॉप यांनी स्वतः केले. कीटक, वनस्पती व सूक्ष्म कवचधारी जीवांचे नमुने मात्र सातासमुद्रापार तज्ज्ञांकडे गेले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळच्या कोटा येथील चुनखडकातले मासे आणि प्राणहितेपलीकडे, आता तेलंगणात असलेल्या मालेरीच्या लाल मातीतले दात यांचाही त्यांनी अभ्यास केला. मालेरीच्या फुप्फुसमाशाला टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये हिस्लॉप यांचेच नाव दिले. त्या माशाचा जिवंत आप्त ऑस्ट्रेलियातील नद्यांत असल्याचे १८७० मध्ये जगाला कळले. तेव्हा हिस्लॉप हयात नव्हते.

त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. नागपूर प्रांतातील कोळशाचे व पर्णठशांचे खडक त्यांनी ज्युरासिक काळातले मानले. ते त्याहून कितीतरी जुने, पर्मियन काळातले असल्याचे पुढे सिद्ध झाले. टाकळीचे थर त्यांना तृतीयक युगातले वाटले. आज लाव्हाथरांमधील अशा निक्षेपांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, म्हणजे डायनोसॉरच्या अस्ताच्या सुमाराचे मानले जाते. परंतु कोणता नमुना कोणत्या गावच्या कोणत्या थरातून आला, याची नोंद त्यांनी ठेवली होती. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्यांची चूक दुरुस्त करता आली. स्थळाची नोंद नसलेला जीवाश्म शोभेचा दगड ठरतो.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. परतताना पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. गोंडांविषयीचे त्यांचे अपुरे लेखन रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

मांगलीची ती कवटी आज लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे आता जीवाश्म उद्यान असून अश्मीभूत वृक्ष तेथे पाहावयास मिळतात. विदर्भाची ही संपत्ती जेथे सापडते तेथेच जपली जाणे, हेच या छंदिष्ट संशोधकाचे उचित स्मारक होय.