पुस्तकें बांधणारा मायकेल फॅरडे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मायकेल फॅरडे याचें नांव येतें, तें बहुधा लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें यांच्या आकृतीपाशीं. विजेवर चालणारे पंखे, गिरण्या आणि आगगाड्या यांच्या मुळाशीं जे शोध आहेत, त्यांत त्याच्या शोधांचें स्थान फार वरचें आहे. परंतु वयाच्या तेराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत हा पुरुष लंडन शहरांतील एका दुकानांत प्रथम वर्तमानपत्रें पोंचविण्याचें व नंतर पुस्तकें बांधण्याचें काम करीत होता, ही गोष्ट त्या आकृतीपाशीं लिहिलेली नसते. त्या आठ वर्षांत त्याच्या हातांना व मनाला जें वळण लागलें, तें त्याला जन्मभर कसें उपयोगीं पडलें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनला लागून असलेल्या न्यूइंग्टन या वस्तींत झाला. त्याचा बाप जेम्स हा लोहार असून पोटासाठीं उत्तर इंग्लंडांतून राजधानींत आला होता. प्रकृति अधू असल्यामुळें दिवसभर भट्टीपाशीं उभें राहणें त्याला झेपत नसे. एका गाडीखान्यावरच्या खोल्यांत हें कुटुंब राहत असे. १८०१ सालीं धान्य अतिशय महाग झालें, तेव्हां आईनें मायकेलच्या हातीं एक पाव द्यावा आणि त्यानें तो आठवडाभर पुरवावा, अशी पाळी आली. त्या वेळीं तो नऊ वर्षांचा होता. लिहिणें, वाचणें आणि जुजबी हिशेब यांपलीकडे शाळेनें त्याला कांहीं दिलें नाहीं, कारण अधिक काळ शाळेंत राहण्याची सोयच नव्हती.

१८०४ सालीं ब्लँडफर्ड रस्त्यावरील रिबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे तो कामास राहिला. सरकारी करामुळें त्या काळीं वर्तमानपत्र महाग असे, आणि पुष्कळ लोक तें विकत न घेतां भाड्यानें आणून वाचीत. मायकेलनें सकाळीं एका घरीं अंक द्यावा, ठरलेल्या वेळीं परत जाऊन तो घ्यावा आणि पुढच्या घरीं पोंचवावा, असा क्रम होता. एका ठिकाणीं उशीर झाला कीं पुढच्या साऱ्या घरांचा खोळंबा होई. रविवारीं आईबापांबरोबर प्रार्थनेस जातां यावें म्हणून तो पहाटेच फेरीला निघे. काम क्षुल्लक खरें. परंतु आपल्या वक्तशीरपणावर दुसऱ्या कोणाची तरी सोय अवलंबून आहे, ही जाणीव त्याला त्या रस्त्यांवर झाली.

वर्षभर त्याचें काम पाहून रिबोनें ७ ऑक्टोबर १८०५ रोजीं सात वर्षांच्या करारानें त्याला पुस्तकबांधणीचा उमेदवार म्हणून घेतलें. धंदा शिकविण्याबद्दल मालकास कांहीं रक्कम द्यावी, अशी त्या वेळची वहिवाट होती. लोहाराच्या घरीं ती रक्कम कोठून येणार? मुलाच्या प्रामाणिक चाकरीकडे पाहून रिबोनें ती माफ केली.

पुस्तक बांधणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. छापखान्यांतून आलेले ताव नेमक्या घड्या घालून फर्म्याफर्म्यानें लावावयाचे, पानांचा अनुक्रम तपासावयाचा, फर्मे ठोकून सपाट करावयाचे, एकेक फर्मा दोऱ्यानें शिवावयाचा, पाठीला सरस लावून पुठ्ठे चढवावयाचे आणि त्यांवर कातडें ओढून बसवावयाचें. एक घडी तिरपी पडली तर त्या फर्म्याचीं सारीं पानें तिरपीं होतात. एक फर्मा मागेंपुढें झाला तर वाचणारा पुढचें पान शोधीत बसतो. या धंद्यांत चूक झांकून ठेवतां येत नाहीं. आज ना उद्यां ती वाचणाऱ्याच्या नजरेस येतेच. मायकेलचीं बोटें सात वर्षें या शिस्तींत राहिलीं.

काम संपल्यावर, बांधणीस आलेलीं पुस्तकें तो वाचूं लागला. एकदां ब्रिटानिका ज्ञानकोशाचा खंड हातीं आला, त्यांत विजेवरील लेख होता. जेन मार्सेट या बाईनें लिहिलेलें रसायनशास्त्रावरील संभाषणरूप पुस्तकही त्यानें तेथेंच वाचलें. पुस्तकांत लिहिलेलें स्वतः करून पाहिल्यावांचून त्याचें समाधान होत नसे. आठवड्याकाठीं उरणाऱ्या चार पैशांतून तो साहित्य आणी. प्रथम एका साध्या बाटलीचें व पुढें कांचेच्या नळकांड्याचें असें विजेचें यंत्र त्यानें आपल्या हातानें तयार केलें. नोकर वाचीत बसला म्हणून दटावणारे मालक पुष्कळ असतात. रिबो त्यांपैकीं नव्हता. त्यानें पोराला वाचूं दिलें आणि दुकानांत प्रयोगही करूं दिले.

त्या घरांत मास्केरिए नांवाचा एक चित्रकार बिऱ्हाडास होता. त्याच्या खोलीची झाडलोट करणें व बुटांना काळें लावणें हें काम मायकेलकडे असे. त्या बदल्यांत चित्रकारानें त्याला यथार्थ आकृति काढण्याची कला शिकविली. १८१० सालीं टेटम नांवाच्या गृहस्थाचीं विज्ञानावरील सायंकाळचीं व्याख्यानें तो ऐकूं लागला. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. रॉबर्ट हाही लोहार, आणि त्याच वर्षीं त्यांचा बाप वारला होता. अशा घरांतून धाकट्याच्या व्याख्यानासाठीं निघालेल्या त्या शिलिंगाचें मोल किती असेल, याचा वाचकांनींच विचार करावा. मायकेलनें तें व्यर्थ घालविलें नाहीं. ऐकलेलें सर्व तो टिपून घेई, घरीं येऊन आकृतींसह स्वच्छ लिही आणि मग त्या कागदांचीं रीतसर पुस्तकें बांधी. अशीं चार पुस्तकें झालीं व तीं त्यानें आपल्या धन्यास अर्पण केलीं.

हीं पुस्तकें रिबो कौतुकानें गिऱ्हाइकांना दाखवी. डान्स नांवाच्या एका गिऱ्हाइकानें तीं पाहून १८१२ सालच्या वसंत ऋतूंत मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. व्याख्याते होते त्या काळचे प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही. सज्ज्यांत बसून मायकेलनें तीं चारही व्याख्यानें ऐकलीं, आणि पूर्वींच्याच रीतीनें साडेतीनशेंहून अधिक पानांचें एक पुस्तक तयार केलें.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत उमेदवारीचीं सात वर्षें संपलीं. मन विज्ञानाकडे ओढ घेत होतें. तथापि करार मोडून तो मध्येंच निघून गेला नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आतां तो कारागीर होऊन दुसऱ्या मालकाकडे पगारावर जाऊं लागला. वेळ मिळेना, मन रमेना. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्यानें विज्ञानाच्या कामांत कसलीही जागा मागितली. उत्तर आलें नाहीं. डिसेंबरांत त्यानें डेव्हीसाहेबांना पत्र लिहिलें व सोबत तें बांधलेलें पुस्तक पाठविलें. शिफारसपत्र देणारा मोठा मनुष्य त्याच्या ओळखीचा नव्हता, पदवी नव्हती. दाखविण्यासारखें होतें तें हें हातचें काम. डेव्हींनीं त्याला भेटीस बोलाविलें, परंतु हातचा धंदा सोडूं नये असाच सल्ला दिला. पुढें थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतील मदतनिसाची जागा रिकामी झाली, तेव्हां त्यांना या तरुणाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजीं फॅरडे त्या जागीं नेमला गेला. वेतन आठवड्यास पंचवीस शिलिंग, आणि राहण्यास माडीवरच्या दोन खोल्या.

येथें त्याचें हलकें काम संपलें असें कोणी समजूं नये. कांचेचीं पात्रें धुणें, उपकरणांवरील धूळ पुसणें आणि व्याख्यानाच्या वेळीं साहित्य मांडून देणें, हेंच आरंभींचें काम होतें. एका स्फोटक द्रव्याच्या प्रयोगांत त्याच्या हातांतील नळी फुटून बोटांना जखमाही झाल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डेव्ही पतिपत्नी युरोपच्या प्रवासास निघालीं. डेव्हींचा खासगी नोकर ऐन वेळीं आला नाहीं. पॅरिसपर्यंत त्याचें काम तूं सांभाळ, असें फॅरडेला सांगण्यांत आलें; परंतु पॅरिसला दुसरा नोकर मिळाला नाहीं आणि तें ओझें अखेरपर्यंत त्याच्याच गळ्यांत राहिलें. डेव्हीबाई त्याला केवळ चाकर समजून वागवीत. तो मनांतून फार दुखावला. सर्व सोडून घरीं परतावें, असेंही त्याच्या मनांत आलें. पूर्वीं त्यानें बुटांना काळें लाविलें होतें, तेव्हां त्याला कमीपणा वाटला नव्हता. कारण त्या कामाबरोबर त्याला माणुसकीनें वागविणारा मनुष्य होता. काम हलकें असल्यामुळें मनुष्य हलका होत नाहीं. त्याला हलकें लेखणाराचें वागणें मात्र हलकें असतें. फॅरडेनें धीर धरला. त्या दीड वर्षांत त्यानें फ्रेंच व इटालियन भाषा शिकून घेतल्या, मिलान येथें वृद्ध व्होल्टा यांचें दर्शन घेतलें, आणि फ्लॉरेन्स येथें मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळण्याच्या प्रयोगांत भाग घेतला. १८१५ सालच्या एप्रिलमध्यें तो परत आला.

यापुढील कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. १८२५ सालीं तो त्याच प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें जो प्रयोग केला, त्याचें साधन मात्र नीट पाहण्यासारखें आहे. सहा इंच व्यासाचें मऊ लोखंडाचें एक कडें. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेचीं वेगवेगळीं वेटोळीं. रबराचें वेष्टण घातलेली तार त्या वेळीं बाजारांत मिळत नव्हती. म्हणून तारेच्या फेऱ्या एकमेकींस लागूं नयेत यासाठीं त्यानें मध्यें सुतळी घातली आणि प्रत्येक थरावर सुती कापड गुंडाळलें. एका बाजूच्या वेटोळ्यांत वीज सुरू करतांच व बंद करतांच, दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसुई हालली. दोन बाजूंच्या तारांचा एकमेकींस स्पर्शही नव्हता. रस्त्याच्या कडेला खांबावर दिसणाऱ्या रोहित्राच्या पोटांत आजही लोखंडाचा गाभा आणि त्याभोंवतीं वेगवेगळीं वेटोळीं असतात. तत्त्व तेंच आहे. दोरा, कापड आणि थरावर थर नीट बसविणारा हात! पुस्तकें शिवणाऱ्या उमेदवाराची ओळख त्या कड्यांत ज्याला पटावयाची त्याला पटते.

त्याच्या टिपणांचेंही तसेंच. केलेला प्रत्येक प्रयोग, मग तो साधो वा फसो, तो त्याच दिवशीं लिहून ठेवी. पुढें परिच्छेदांस तो अनुक्रमांक घालूं लागला. ते सोळा हजारांच्या वर गेले. सुटे कागद हरवतात, हें बांधणाऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. त्या वह्या त्यानें स्वतःच बांधल्या, आणि १९३२ ते १९३६ या काळांत त्या सात खंडांत छापून निघाल्या. उच्च गणित त्याला येत नव्हतें, ही उणीव तो जाणून होता. तिची भरपाई त्यानें डोळसपणें पाहण्यानें, हातानें करून बघण्यानें आणि अचूक नोंदीनें केली.

मुलांनो, या चरित्रावरून लहान वयांत शाळा सुटणें चांगलें, असा अर्थ कोणी काढूं नये. फॅरडेची शाळा गरिबीनें सोडविली, आणि ती खंत त्याला होती. अर्थ एवढाच, कीं सुटींत दुकानावर बसणें, शेतांत बापाच्या हाताखालीं राबणें, घरचीं भांडीं घासणें, हीं कामें वाट्याला आलीं तर वेळ फुकट गेला असें समजूं नका. तें काम नीट करण्याची जी संवय लागते, ती दुसऱ्या कामांतही आपल्याबरोबर येते. आणि पालकांनीं याच चरित्राची दुसरी बाजू पाहावी. रिबोनें वाचूं दिलें नसतें, रॉबर्टनें शिलिंग दिला नसता, चित्रकारानें आकृति शिकविली नसती, तर केवळ कष्टांनीं मायकेल एक उत्तम पुस्तकबांधणारा झाला असता, आणि जगाला फॅरडे मिळाला नसता. मुलाच्या हाताला काम द्यावें. पण त्याच्या डोळ्यांपुढें पुस्तकही असूं द्यावें.

फॅरडेनें सरदारकीची पदवी नाकारली आणि ज्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडून एकेकाळीं त्याच्या पत्राला उत्तर आलें नव्हतें, तिचें अध्यक्षपदही त्यानें घेतलें नाहीं. मुलांसाठीं मात्र नाताळांत त्यानें व्याख्यानांच्या एकोणीस माला दिल्या. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो वारला. म्हातारपणीं देखील रस्त्यांत वर्तमानपत्र वाटणारा एखादा पोरगा दिसला, कीं तो सहसा त्याच्याशीं दोन गोड शब्द बोलल्याशिवाय पुढें जात नसे. एके काळीं आपणही हींच पत्रें घेऊन दारोदार फिरलों, याचा त्याला कधीं विसर पडला नाहीं.