शेठ वालचंद हिराचंद : वंशावळीच्या पानांतून

जैन समाजातील जुन्या घराण्यांचा इतिहास जो शोधू पाहतो, त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती नावांची. उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद यांचे कुलनाम दोशी. परंतु व्यवहारात ते क्वचितच लागले. वालचंद हे हिराचंदांचे पुत्र आणि हिराचंद हे नेमचंदांचे. नाव उच्चारले की दोन पिढ्या आपोआप समोर येतात. पुढच्या पिढीत पित्याचे नावच कित्येकदा आडनावासारखे रूढ झाले. त्यामुळे या घराण्यातील चुलत बंधू अनोळखी वाचकास भिन्न कुळांतील वाटावेत, यात नवल नाही.

दुसरी अडचण कालगणनेची. पेढीच्या वह्या विक्रम संवतात, मराठी पंचांग शकात, मंदिरातील अनेक लेख वीर निर्वाण संवतात, तर सरकारी कागद इसवी सनात. शेठजींचा जन्म सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. दिवाळी नुकतीच होऊन गेली असल्याने हाच दिवस विक्रम संवत १९३९, शके १८०४ आणि वीर निर्वाण संवत २४०९ यांत येतो. तो दिवाळीपूर्वी आला असता तर संवताचा आकडा एकाने कमी धरावा लागला असता. जुन्या नोंदी जुळविताना एक वर्षाची चूक होते ती बहुधा येथेच.

घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन. महाराष्ट्रात येऊन सोलापुरात स्थिरावल्यावर कापसाचा व्यापार आणि सावकारी यांत त्याचा जम बसला. पिता हिराचंद नेमचंद हे व्यापाऱ्याइतकेच समाजसुधारक म्हणून ख्यातकीर्त होते. १८८५ साली त्यांनी ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. माता राजूबाई मात्र वालचंदांच्या जन्मानंतर अल्पावधीतच निवर्तल्या. पित्याने पुनश्च विवाह केला. परंपरागत वंशावळीत पित्याखाली पुत्रांची नावे ओळीने लिहिली जातात. कोणता पुत्र कोणत्या मातेचा, हे तेथे सांगितलेले नसते. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे वालचंदांचे धाकटे बंधू सावत्र होत, हे त्या ओळीवरून कधीच समजले नसते.

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळात, १९०० साली, वालचंदांचा पहिला विवाह सोलापुरातील एका सावकाराच्या कन्येशी, जीवूबाईंशी झाला. विद्यार्थी वालचंद तेव्हा अवघ्या सतरा-अठरा वर्षांचे होते. जीवूबाईंपासून त्यांना एक कन्या झाली. परंतु त्या दीर्घायुषी ठरल्या नाहीत. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज पाहूनही पदवी हाती आली नाही, आणि घरच्या पेढीत मन रमेना. पूर्वी रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले आणि आयुष्याची दिशाच बदलली. सावकाराच्या घरातील मुलाने खडी-मातीच्या कामात उतरावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९१३ साली कस्तुरबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. कर्तृत्वाचा खरा बहर यापुढचा. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांची कामे झाली. कासारवाडीच्या फलाटावरून मुंबईस जाणारा प्रवासी आजही त्याच घाटातून उतरतो. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, १९४० साली बंगळूरात विमानांचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मुख्य कारखाना कुर्ल्यास होता. पुढील काळात याच कंपनीमुळे चिंचवडच्या औद्योगिक परिसरातही हे नाव परिचयाचे झाले.

इतके सारे उभारणाऱ्या पुरुषाच्या नावाखाली वंशावळीत मात्र ओळ पुढे सरकत नाही. कन्या होती, पुत्र नव्हता. आणि जुन्या पद्धतीत कन्येची ओळ माहेरच्या पानावर चालत नसे. जीवूबाई व कस्तुरबाई यांना तर त्या पानावर जागाच नाही. त्यांचा शोध चरित्रग्रंथांतून, कुटुंबीयांच्या आठवणींतून आणि दानपत्रांतून घ्यावा लागतो. वंशावळ खोटी नसते, पण ती अर्धेच घर सांगते, हे ध्यानी ठेवूनच ती वाचावी.

१९४९ साली पक्षाघाताने शेठजींची प्रकृती ढासळली आणि त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. अखेरच्या काळात शुश्रूषेचा भार कस्तुरबाईंनी वाहिला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. हे क्षेत्र हिंदू परंपरेत मातृगया म्हणून प्रसिद्ध आहे. मातेच्या श्राद्धासाठी लोक तेथे दुरून येतात. जन्मतःच मातृसुखास पारखा झालेला हा पुत्र तेथेच विसावला. त्यांच्या पश्चात उद्योगांची धुरा धाकट्या बंधूंनी आणि पुतण्यांनी सांभाळली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी हिराचंद हेच नाव पुढे चालविले.