मोजून पाहणारा अभ्यासक : दामोदर धर्मानंद कोसंबी

बौद्ध वाङ्मयाशी ज्यांचा थोडासाही परिचय आहे, त्यांना धर्मानंद कोसंबी हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. गोव्यातील साखवाळ या गावी 1876 मध्ये जन्मलेला हा तरुण बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश पालथा घालून पाली भाषेचा पंडित झाला आणि मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत बुद्धचरित्र देऊन गेला. परंतु त्यांचे पुत्र दामोदर यांचे कार्य आपल्या समाजात त्या मानाने कमी परिचयाचे राहिले आहे. गणित, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, पुरातत्त्व आणि इतिहास अशा दूरदूरच्या क्षेत्रांत त्यांनी संशोधन केले. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांचे चरित्र वाचकांसमोर ठेवीत आहोत. ग्रामीण भागातील आमच्यासारख्या निवासी शाळेतील विद्यार्थ्याला, विज्ञान केवळ मोठ्या शहरांतील सुसज्ज प्रयोगशाळांतच घडते असे वाटत असते. तो समज दूर व्हावा, हा त्यामागचा हेतू आहे.

दामोदर यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. वडील त्या काळी विद्याव्यासंगात आणि प्रवासात गुंतलेले असत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्यामुळे धर्मानंदांना महाराष्ट्रात कार्य करता आले आणि 1912 पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविण्यास आरंभ केला. हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते. त्यासाठी 1918 मध्ये ते पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. पुढे काही काळ मायदेशी घालवून दामोदर परत अमेरिकेस गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत संपादन केली. गणिताबरोबरच अनेक युरोपीय भाषाही त्यांनी आत्मसात केल्या होत्या.

पित्याकडून पुत्राला मिळालेला खरा वारसा कोणता, याचा विचार करता आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा शतकानुशतके सांगितली जात होती. धर्मानंदांनी प्राचीन पाली सुत्ते तपासली आणि ती कथा त्यांच्याशी जुळत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी गृहत्यागाचे कारण माणसामाणसांतील कलहात शोधले आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाकडे लक्ष वेधले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही आपल्या धम्मग्रंथात गृहत्यागाची मीमांसा याच वादाच्या अनुषंगाने केली, हे वाचकांना ठाऊक आहेच. श्रद्धेय कथाही तपासून पाहावी, ही बुद्धाची शिकवण धर्मानंदांनी ग्रंथांच्या बाबतीत पाळली. दामोदर यांनी ती वस्तूंच्या बाबतीत पाळली.

भारतात परतल्यावर दामोदर यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात व नंतर अलिगढ येथे अध्यापन केले. 1933 च्या सुमारास ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि सुमारे बारा वर्षे तेथे गणित शिकवीत राहिले. हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, संशोधनासाठी अनुदान नव्हते. याच काळात त्यांनी प्राचीन चांदीच्या नाण्यांचा अभ्यास हाती घेतला.

मौर्यांच्या आधीपासून भारतात आहत नाणी चालत. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हे ठोकलेली असत. राजाचे नाव नाही, वर्ष नाही. मग एखादे नाणे कोणत्या काळातील, हे कसे ओळखावे? कोसंबींनी उत्तरासाठी संवेदनशील तराजू वापरला. नाणे हातोहात फिरते, पिशवीत इतर नाण्यांवर घासते आणि त्याच्या पृष्ठभागावरील धातूचे सूक्ष्म कण झिजून जातात. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ते मुळातच किंचित हलके कापले गेले असू शकते. परंतु एकाच प्रकारच्या शेकडो नाण्यांचे सरासरी वजन काढले, तर अधिक काळ चलनात राहिलेल्या गटाची सरासरी कमी भरते आणि त्या गटातील वजनांची तफावत वाढलेली दिसते. हे अनुमान खरे आहे काय, हे पडताळण्यासाठी त्यांनी आधी आपल्या काळातील चलनातली नाणी जमवून तोलली. या नाण्यांवर टांकसाळीचे वर्ष छापलेले असते, त्यामुळे झीज आणि काळ यांचा संबंध थेट तपासता येत होता. तो संबंध नियमित असल्याचे दिसल्यावरच त्यांनी हे माप प्राचीन नाण्यांना लावले.

तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या दोन साठ्यांतील नाणी त्यांनी अशा रीतीने अभ्यासली. त्यांचे मूळ प्रमाण 32 रत्ती, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर होते. नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान ठसे असत. ज्या नाण्यावर असे ठसे अधिक, त्याचे सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. नाणी चलनात असताना ठरावीक काळाने तपासली जात आणि दर तपासणीचा एक ठसा उमटे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नाव नसलेल्या नाण्यांना अशा प्रकारे कालक्रम मिळाला. हजारो नाणी एकेक करून तोलण्याचे हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एकच पदार्थ तीनदा तोलताना कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी करावी.

याच पुण्यातील वर्षांत, 1944 साली, त्यांचा आनुवंशिकीवरील लहानसा निबंध इंग्लंडमधील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना कोसंबी हे नाव माहीत आहे ते या निबंधामुळे. त्याचा आशय सोप्या शब्दांत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करतो. गुणसूत्रावर जनुके माळेतील मण्यांसारखी एका रांगेत असतात. जननपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक वेळा होते. म्हणून संततीत किती वेळा ताटातूट झाली हे मोजून जनुकांमधील अंतर काढता येते. अडचण अशी, की दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि ताटातूट झालीच नाही असा भास होतो. त्यामुळे दिसणारा आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी असतो.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1919 मध्ये यावर एक सूत्र दिले होते. एक अदलाबदल दुसरीवर परिणाम करीत नाही, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी होण्यास अडथळा येतो आणि अंतर वाढेल तसा हा अडथळा ओसरतो. कोसंबींनी हे वास्तव सूत्रात आणले. ताटातूट शंभरात 20 वेळा दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे 25.5 सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे 21.2. फरक लहान वाटतो, पण संपूर्ण गुणसूत्राचा नकाशा काढताना अशा फरकांची बेरीज होत जाते. आज कापूस, गहू, भात यांसारख्या पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना जगभरचे संशोधक कोसंबींचे सूत्र वापरतात. बियाण्यांच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांनी ही गोष्ट अवश्य जाणून घ्यावी.

पुढे होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. घर मात्र पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने त्यांचा नित्याचा प्रवास चालू झाला. घरामागच्या टेकडीवर फिरताना त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे सापडू लागली. ती कोठे सापडतात याची नोंद ठेवता ठेवता प्राचीन धनगर व पशुपालकांच्या वाटा त्यांना उमगल्या. त्याच वाटांच्या संगमांवर देवींची ठाणी आहेत आणि त्याच मार्गांलगत बौद्ध लेणी कोरलेली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. कार्ले येथील चैत्यगृहात त्यांनी पूर्वी दुर्लक्षित राहिलेले ब्राह्मी लेख शोधले. लेणी म्हणजे केवळ ध्यानाची एकांतस्थळे नव्हती, व्यापारी तांड्यांशी त्यांचे घट्ट नाते होते, असे त्यांनी मांडले.

या विचाराचे महत्त्व आपल्या भागात राहणाऱ्यांना विशेष जाणवावे. धावड्याहून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत आणि आपला तालुका भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर कोरलेली आहेत. येथील सामान्य माणसे शेकडो कोसांवरील स्तूपासाठी दान पाठवीत होती, याचा अर्थ ज्या वाटा कोसंबींनी पश्चिम घाटात पायी फिरून शोधल्या, तशाच वाटा आपल्याही गावांवरून जात होत्या.

बौद्ध धम्माविषयी त्यांना आदर होता, पण तपासणीतून त्यांनी धम्माच्या इतिहासालाही सूट दिली नाही. विहारांकडे संपत्ती साचत गेली, भिक्षुसंघ सामान्य उत्पादकापासून दुरावला आणि बदलत्या ग्रामव्यवस्थेत त्याची पूर्वीची सामाजिक भूमिका उरली नाही, अशी ऱ्हासाची कारणे त्यांनी सांगितली. आम्हां उपासकांना हे वाचणे सुखद नाही. तथापि संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने ते वाचले पाहिजे, असे आमचे मत आहे. विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने संकलित केलेल्या सुभाषितरत्नकोशाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासह सिद्ध केली व ती 1957 मध्ये प्रसिद्ध झाली, ही त्यांच्या बौद्ध विद्येच्या सेवेची दुसरी बाजू.

त्यांच्या आयुष्यातील अपयशही येथे नोंदविले पाहिजे. मूळ संख्यांविषयी रीमान यांनी मांडलेले अनुमान गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत कोणासही सिद्ध करता आलेले नाही. संभाव्यतेच्या मार्गाने ते सिद्ध झाल्याचा दावा कोसंबींनी केला. गणितज्ञांना त्या सिद्धतेत दोष आढळले आणि त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. जो अभ्यासक प्राचीन नाणी तोलण्याआधी आपला तराजू आणि आपली रीत चालू नाण्यांवर पडताळून घेत होता, तो स्वतःच्या एका प्रिय कल्पनेला तशी कसोटी लावण्यात कमी पडला. अणुऊर्जेवरील खर्चाविरुद्ध आणि सौरऊर्जेच्या बाजूने ते उघडपणे बोलत. त्यामुळे भाभांशीही मतभेद वाढले होते. 1962 मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. मानी स्वभावाच्या या विद्वानाला ही वर्षे जड गेली असणार, तरी लेखन थांबले नाही. नाण्यांच्या वैज्ञानिक अभ्यासावरील त्यांचा लेख 1966 च्या आरंभी अमेरिकेतील एका ख्यातनाम विज्ञान मासिकात छापून आला. त्याच वर्षी 29 जून रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

या चरित्रातून आमच्या शाळेने काय घ्यावे, याचा विचार आम्ही केला. येत्या वर्षी नववीच्या विद्यार्थ्यांकडून एकाच साच्याची, निरनिराळ्या वर्षांची शंभर नाणी तोलून घ्यावीत आणि वजन व वर्ष यांचा आलेख काढून घ्यावा, असे आम्ही ठरविले आहे. आलेख अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर तो तसाच वहीत ठेवावा आणि कारण शोधावे, अशी सूचना त्यांना दिली जाईल. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या घरातील जुनी नाणी या कामासाठी काही दिवस शाळेकडे द्यावीत, ही विनंती. ती मोजून, नोंद करून परत केली जातील.